माल अस्सल, पण पुडी कसली?
अन्नाला लागणाऱ्या वस्तूंचे कायदे आणि आपले कारागीर

साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, सांगलीचे भडंग, कराड आणि सांगलीच्या पेठांतला गूळ. आपल्या दोन जिल्ह्यांच्या या मालाला दूरदूरच्या बाजारात नाव आहे. बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे हे नाव आता सरकारी दप्तरातही चढले आहे. मालाची पारख करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. हळकुंड मोडून आतला रंग पाहणारे, बेदाणा बोटांत दाबून ओलावा सांगणारे, खवा हातावर चोळून तुपाचा अंदाज घेणारे जाणकार प्रत्येक पेठेत भेटतात.

परंतु हा माल ज्यात बांधला जातो, ज्यात साठवला जातो, ज्यावर ठेवून गिऱ्हाइकाच्या हाती दिला जातो, त्याची पारख कोण करतो? पेढ्याखालचा कागद, हळदीचे पोते, गुळाच्या साच्यातले कापड, बिर्याणीच्या डेगीची कल्हई, फरसाणाचा पत्र्याचा डबा या सर्व वस्तू अन्नाला प्रत्यक्ष लागतात. त्यांतले जे काही सुटते ते अन्नात उतरते आणि खाणाऱ्याच्या पोटात जाते.

आता प्रश्न असा की या वस्तू पुरवतो कोण? बारदानाचे व्यापारी, पिशव्या शिवणारे, पत्र्याचे डबे करणारे, कल्हईवाले, रद्दीवाले. आपल्या समाजातील पुष्कळ माणसे याच धंद्यांवर घर चालवतात. अन्नाचा कायदा म्हटले की तो हलवायाचा, हॉटेलवाल्याचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असा समज आहे. आम्ही कापडाच्या व्यापारातले आहोत आणि आमच्या व्यवसायबंधूंत हा समज आम्ही नेहमी पाहतो. हा समज सोडण्याची वेळ आली आहे. कायद्याचा हात हलवायाच्या दुकानातून आता आपल्या दुकानापर्यंत पोचला आहे.

कायदा काय म्हणतो?

अन्नाच्या भांड्यांविषयी नियम आपल्या देशात नवे नाहीत. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा आणि त्याखालचे नियम १९५५ चे. गंजलेले डबे, टवके उडून गंजलेली मुलाम्याची भांडी आणि नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी यांत तयार केलेले किंवा ठेवलेले अन्न खाण्यास अयोग्य समजावे, असे त्या नियमांत लिहिलेले होते. पुढे २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. २०११ साली त्याची नियमावली अमलात आली आणि भांड्यांचे हे कलम तिच्यातही राहिले.

खरा फरक पडला तो अन्न वेष्टनाच्या २०१८ च्या स्वतंत्र नियमावलीने. ती १ जुलै २०१९ पासून सर्वांना लागू झाली. आपल्या कामाच्या तिच्यातील गोष्टी थोडक्यात अशा:

वर्तमानपत्र किंवा तत्सम कागदात अन्न बांधण्यास, गुंडाळण्यास मनाई आहे.

वेष्टनावर छपाई करायची तर शाई भारतीय मानक आयएस १५४९५ प्रमाणे असावी, आणि छापलेली बाजू अन्नाला लागता कामा नये.

एकदा वापरलेले पत्र्याचे डबे अन्न भरण्यासाठी पुन्हा वापरू नयेत. काचेच्या बाटल्या आणि पाच लिटर व त्याहून मोठी प्लास्टिकची भांडी पुन्हा वापरता येतात, पण ती टिकाऊ आणि साफ करता येण्याजोगी हवीत.

प्लास्टिकच्या वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम ठरवली आहे. ती तपासण्यासाठी वस्तू पाणी, सौम्य आम्ल, अल्कोहोल अशा द्रवांत ठरावीक उष्णतेवर ठेवतात आणि त्यात काय उतरले ते मोजतात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, अन्नाला प्रत्यक्ष लागणाऱ्या वेष्टनासाठी अन्न व्यावसायिकाने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मिळवावे. अर्थात हा कागद मागितला जाईल हलवायाकडे, आणि हलवाई तो मागेल ज्याने त्याला पिशवी, कागद किंवा कापड विकले त्याच्याकडे.

रद्दीची पुडी

वर्तमानपत्राच्या पुडीविषयी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढल्या. कारण सरळ आहे. छपाईच्या शाईत रंगद्रव्ये, तेले आणि चिकटवणारी द्रव्ये असतात. गरम भजी किंवा तेलकट वडा त्या कागदावर ठेवला की तेल शाईला सोडवते आणि ती शाई भज्याला लागते. शिवाय तो कागद छापखान्यातून निघाल्यापासून किती हातांतून आणि किती जमिनींवरून फिरला याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. उर्दू वर्तमानपत्रांत आणि आपल्या साप्ताहिकांत अल्लाहचे नाव असते, कुरआनच्या आयती असतात. असा कागद रद्दीत जातो, त्याची पुडी होते आणि खाऊन झाल्यावर ती गटारीच्या कडेला पडते. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात किंवा रमजानच्या संध्याकाळी ठेल्यांवर हे दृश्य दिसते तेव्हा मन खट्टू होते. आरोग्य आणि अदब ही दोन्ही कारणे इथे एकाच बाजूला उभी आहेत. रद्दीवाल्या बंधूंनी खाद्यपदार्थांच्या दुकानांना छापील रद्दी देणे थांबवावे. त्याऐवजी कोरा, न छापलेला, खाद्यासाठी बनवलेला कागद रिमाने आणून कापून विकला तर धंदा जाणार नाही, उलट टिकाऊ होईल. पुड्या आणि पिशव्यांना स्टेपलरची पिन मारण्याची सवयही सोडावी. पिन पोटात गेली तर काय होईल हे सांगायला नको.

बारदानाचे तेल

तागाचे पोते म्हणजे निसर्गाची वस्तू, त्यात धोका कसला, असे वाटते. आमच्या धंद्यातील जुन्या लोकांना मात्र पोत्याचा वास ओळखता येतो. हा वास ज्या तेलाचा येतो ते तागाच्या गिरणीत धागा मऊ करण्यासाठी पाण्यात मिसळून मारतात, आणि ते बहुधा खनिज तेल असते. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील रसायनतज्ज्ञ कॉनराड ग्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले की पोत्यातले हे खनिज तेल हेझलनट या सुक्या मेव्यात आणि त्यापासून केलेल्या चॉकलेटमध्ये उतरते. यानंतर १९९८ साली आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने कॉफी, कोको आणि सोललेल्या मेव्याच्या पोत्यांसाठी मानक ठरवले. तागाच्या एका किलोत साबण न बनणारी तेलद्रव्ये १२५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावीत, असे ते सांगते. वनस्पती तेल वापरून केलेली खाद्ययोग्य पोती तेव्हापासून बाजारात आली.

आपल्याकडे तागाचा वापर कमी होणार नाही. १९८७ च्या ताग वेष्टन कायद्याखाली केंद्र सरकार धान्य आणि साखरेसाठी तागाच्या पोत्यांचे प्रमाण ठरवून देते. अलीकडच्या वर्षांत धान्यासाठी ते शंभर टक्के आणि साखरेसाठी वीस टक्के राहिले आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, सांगलीच्या मार्केट यार्डात हळद पोत्यांतूनच येते. म्हणून बारदानाच्या व्यापाऱ्याने खरेदी करताना गिरणीला एवढे विचारावे की पोते खाद्यमालासाठी आहे का, आणि तसे बिलावर लिहून घ्यावे.

जुन्या बारदानाचा प्रश्न याहून गंभीर आहे. खताचे, कीटकनाशकाचे, सिमेंटचे पोते झटकून, उलटे करून त्यात धान्य किंवा मिरची भरली जाते. उलटे केल्याने पोत्याचे विष बाहेर जात नाही. जुने बारदान विकणाऱ्याने खाद्यमालाचे आणि बिगरखाद्य मालाचे पोते वेगळ्या ढिगात ठेवावे. दोन ढीग वेगळे ठेवायला पैसा लागत नाही, फक्त नियत लागते.

कापड: आमचा स्वतःचा माल

आता आमच्या मालाकडे येऊ. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कैद अशी शिक्षा तिच्यात ठरली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. एकीकडे प्लास्टिक गेले, दुसरीकडे वर्तमानपत्र गेले. दुकानदार विचारतो, मग बांधायचे कशात? याचे एक उत्तर कापड आहे, आणि कापड विट्याच्या व इचलकरंजीच्या मागांवर आपल्या दाराशी विणले जाते. पिशव्या शिवण्याचे काम घरबसल्या शेकडो बहिणींना मिळू शकते. ही संधी आहे, पण ती स्वच्छ मालानेच टिकेल.

पहिली गोष्ट म्हणजे कापड कोणते ते ओळखावे. बाजारात 'कापडी पिशवी' म्हणून जी न विणलेली, चुरगळणारी रंगीत पिशवी मिळते ती कापड नाही. ती पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लास्टिकच आहे, आणि केंद्राच्या प्लास्टिक नियमांखाली येते. ओळख सोपी आहे. एक धागा जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख सोडतो, प्लास्टिक वितळून त्याचा गोळा होतो. जो व्यापारी हिला सुती म्हणून विकतो तो गिऱ्हाइकाला फसवतो आणि हलवायाला दंडाच्या तोंडी देतो.

दुसरी गोष्ट खळीची. मागावरून उतरलेल्या कोऱ्या मांजरपाटात खळ असते. ताण्याला बळ यावे म्हणून ती देतात. जुन्या पद्धतीत या खळीत पिठाबरोबर चरबीही घालीत. चरबी कोणत्या जनावराची हा प्रश्न आपल्याला आहे, तसाच तो शाकाहारी बांधवांनाही आहे. गुऱ्हाळावर ढेपेच्या साच्यात ओले कापड अंथरतात, पनीर आणि चक्का कापडात बांधतात, रोट्या कापडात गुंडाळतात. अशा कामाचे कापड खळ काढून, उकळत्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवूनच द्यावे. खळ राहिली की ओलाव्यात बुरशी धरते, हे प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट रंगाची. १९९७ साली भारत सरकारने अनेक अझो रंगांवर बंदी घातली, कारण त्यांतून कर्करोगास कारण ठरणारी द्रव्ये सुटतात. परदेशी गिऱ्हाइकाच्या मालाला आपण हा नियम काटेकोर पाळतो, मग गल्लीतल्या गिऱ्हाइकाच्या रोटीला लागणाऱ्या कापडाला का पाळू नये? अन्नाला प्रत्यक्ष लागणारे कापड रंग न दिलेले, न छापलेले असावे. दुकानाचे नाव छापायचे तर ते बाहेरच्या बाजूला आणि अन्न आतल्या वेगळ्या वेष्टनात, हा धडा कागदाला आहे तोच कापडालाही लागू करावा. कातरणीच्या चिंध्या आणि जुन्या साड्यांच्या पिशव्या भाजी आणायला चांगल्या, पण त्यांत उघडा पेढा किंवा भडंग भरू नये.

कल्हई आणि डबे

लग्नाच्या आणि नियाजच्या डेगी आजही तांब्या-पितळेच्या असतात. कल्हई उडालेल्या डेगीत दही, चिंच, टोमॅटो शिजले की आंबट रस तांबे ओढून घेतो आणि उलट्या, पोटदुखी सुरू होते. म्हणून कल्हई हे केवळ चमकीचे काम नाही, ती खाणाऱ्याच्या जिवाची राखण आहे.

पण कल्हईतही खोट असते. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात शिसे योग्य प्रमाणात मिसळले तर हे मिश्रण १८३ अंशालाच वितळते, भांड्यावर पटकन पसरते आणि स्वस्तही पडते. मोह इथेच होतो. विजेच्या कामाची झाळण्याची तार याच मिश्रणाची असते, तिच्याने डेगीला कल्हई करणे म्हणजे जेवणात शिसे वाढणे होय. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. जुने कारागीर परीक्षा जाणतात. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली की करकर आवाज येतो. शिसे जास्त असलेली कांडी कागदावर ओढली की काळपट रेघ उमटते. कल्हईवाल्या बंधूने शुद्ध कथील घ्यावे, नवसागर, भाता आणि कापसाच्या बोळ्याने आपले पिढीजात काम करावे आणि गिऱ्हाइकाला कथील दाखवून मगच हात लावावा. दोन पैसे जास्त मागितले तरी समजदार गिऱ्हाईक ते देईल.

पत्र्याचे डबे करणाऱ्यांनीही जपावे. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा सोलून, झाळून त्यात पुन्हा फरसाण किंवा चटणी भरून विकणे २०१८ च्या नियमावलीने बंद केले आहे. रंगाच्या आणि रसायनाच्या डब्याचा पत्रा तर अन्नाजवळ नेऊच नये. त्या पत्र्याची सुपली, बादली, चुलीचा आडोसा होतो, तेवढेच त्याचे काम.

लहान माणसाची अडचण

इथपर्यंत वाचून एखादा कारागीर म्हणेल, सर्व खरे, पण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आम्ही कोठून आणू? हे म्हणणे रास्त आहे. महिन्याला काही शे पिशव्या शिवणारी बहीण किंवा दोन माणसांचे कागदाचे दुकान प्रत्येक मालाची तपासणी करून घेऊ शकत नाही. मोठ्या कारखान्याला हा खर्च जाणवत नाही. नियम असाच राहिला आणि आपण स्वस्थ बसलो तर हलवाई आणि हॉटेलवाले कारखान्याचा छापील डबा घेतील आणि आपल्या हातचे काम जाईल. कायदा लोकांच्या जिवासाठी आहे, त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. त्यात आपली जागा कशी राखावी याचा विचार करावा.

आम्हाला यावर चार गोष्टी सुचतात.

एक, तपासणी एकट्याने न करता मिळून करावी. एका मागाचा, एका लॉटचा तागा दहा शिवणाऱ्यांनी घेतला तर त्या लॉटची तपासणी एकदाच होईल आणि खर्च दहा ठिकाणी वाटला जाईल. बिलावर लॉटचा क्रमांक लिहावा आणि प्रमाणपत्राची प्रत सोबत द्यावी.

दोन, बिल पक्के द्यावे. खाद्यमालासाठीचे कापड, कागद, पोते असे त्यावर स्पष्ट लिहावे. उद्या चौकशी झाली तर कागदच बोलतो, तोंडी वचन बोलत नाही.

तीन, साताऱ्याच्या आणि सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आपल्या व्यापारी संघटनांनी एकत्र जाऊन नियम समजून घ्यावेत आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे सामूहिक तपासणीच्या सोयीची मागणी करावी. भीती बाळगून दूर राहिल्याने अज्ञान वाढते. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सुधारणेची नोटीस आली तर दुरुस्तीसाठी किमान चौदा दिवसांची मुदत असते. ती मुदत वाया न घालवता काम सुधारावे. अस्वच्छ रीतीने अन्न हाताळल्यास कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

चार, प्लास्टिकच्या डब्यावरील त्रिकोणातला १ ते ७ हा आकडा पाहून तो डबा अन्नाचा आहे असे समजू नये. तो आकडा केवळ प्लास्टिकची जात सांगतो. अन्नासाठी योग्य असल्याचे वेगळे लिहिलेले असेल तरच तो घ्यावा. काळ्या, वास मारणाऱ्या पातळ पिशवीत गरम चहा किंवा सालन नेणे तर आजच बंद करावे.

हलालबरोबर तय्यिबही

आपण हलाल-हराम फार काळजीने पाहतो आणि ते पाहिलेच पाहिजे. पण आपल्या दीनने हलालच्या बरोबरीने तय्यिब, म्हणजे शुद्ध आणि निरोगी, असाही शब्द ठेवला आहे. मांस हलाल आणि ते गुंडाळलेला कागद शाईने बरबटलेला, तर तय्यिब कोठे राहिले? पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड केला, ही घटना आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेली आहे. वरून कोरडा आणि आतून ओला असा माल विकणे त्यांनी नापसंत केले. वरून चमकणारी आणि आतून शिशाची कल्हई हा त्याच जातीचा माल आहे.

गिऱ्हाईक पेढा चाखून पाहू शकतो, हळद हुंगून पाहू शकतो. पुडीची शाई, पोत्याचे तेल आणि कल्हईतले शिसे त्याला दिसत नाही, त्यासाठी तो आपल्यावर विसंबून असतो. हा विसंबा म्हणजे अमानत आहे. साताऱ्या-सांगलीच्या मालाचे नाव शेतकऱ्याने आणि हलवायाने कमावले. ते नाव पोत्यात, पुडीत आणि डब्यात सुरक्षित ठेवणे आपल्या हातात आहे. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो आणि ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो.